पेटीचा सर्व्हे होतो, माणसाचा कधी?

(बुधवार पेठेतल्या सभेत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



आजच्या विषयाचं नाव जड आहे. पुणे शहराची आरोग्य व्यवस्था तपासायला लोकांचा आयोग नेमा, अशी आपली मागणी आहे. आता आयोग म्हटलं की आपल्या माणसाला हसू येतं. आयोग म्हणजे सरकारी गाडी, चहा-बिस्किटं, जाडजूड अहवाल आणि तो अहवाल कोंबायला एक कपाट. हसणाऱ्याचं चुकत नाही. तरीपण मी इथं उभा राहून सांगणार आहे की आयोग पाहिजे, आणि कसला पाहिजे तेही सांगणार आहे.

मी मॅट्रिक पास माणूस. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं काम करतो, रात्री कविता लिहितो. औषधातलं मला काही कळत नाही. पण तपासणी म्हणजे काय ते गोदीतल्या माणसाला चांगलं कळतं.

बोटीवरून पेटी उतरते. पेटीचा कोपरा फुटलेला दिसला की काम थांबतं. टॅली क्लार्क लिहून घेतो. सर्व्हेयर येतो. पेटी कुठं फुटली, कुणाच्या ताब्यात असताना फुटली, आत माल किती होता, गेला किती, सगळ्याचा कागद होतो. कागदावर सह्या होतात. विमा कंपनी पैसे मोजते. आता त्याच पेटीखाली माणूस सापडला तर? आमच्या गँगमधल्या एकाच्या पायावर लोखंड आलं. ठेकेदाराच्या माणसानं त्याला टॅक्सीत कोंबलं. एका दवाखान्यानं सांगितलं, आधी पैसे. दुसऱ्यानं सांगितलं, खाट नाही. तिसऱ्यानं पाऊल कापलं. तो कुणाच्या ताब्यात असताना फुटला, किती वाजता फुटला, कुणी परत पाठवला, याचा चिटोराही नाही. पेटीला सर्व्हे आहे, माणसाला नाही.

आपण मागतोय तो आयोग म्हणजे माणसाच्या नुकसानीचा सर्व्हे. एवढंच.

कुणी म्हणेल, गरिबाची तपासणी होतच नाही असं कसं म्हणता? होते की! साली दीडशे वर्षं आपलीच तपासणी चाललीय. या बुधवार पेठेइतकी तर कुणाचीच झाली नसेल.

१८६८ साली इंग्रजांनी सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सोल्जराला रोग लागू नये म्हणून धंदा करणाऱ्या बाईची नोंद, बाईची जबरी तपासणी, रोग निघाला तर बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचं. गिऱ्हाइकाची तपासणी कायद्यात नव्हती. १८८८ साली तो कायदा गेला, पण नजर गेली नाही.

मग प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला, म्हणजे आमच्या गोदीच्या दारातच, डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो पुण्यात आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. रँडसाहेबाचे सोल्जर पुण्यातल्या घराघरात घुसले, बायकामाणसांना उघड्यावर तपासलं, माणसं उचलून छावणीत नेली. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, आणि इतिहासाच्या पुस्तकात ती गोळी मोठ्या अक्षरात छापली गेली. पण त्याच साथीत, त्याच पुण्यात, आणखी एक गोष्ट घडली. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर झालेला मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ सासाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोर आजारी पडलं, त्याला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून आणलं. पोर जगलं. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या. त्या वेळी वय ६६. ज्या बाईनं १८४८ साली याच बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तिनं शेवटचा धडा पाठीवर ओझं घेऊन दिला. आम्ही हमाल लोक, पाठीचा हिशेब आम्हाला कळतो. रँडची तपासणी आणि सावित्रीबाईंची पाठ, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, एकाच शहरातल्या. सरकारी आरोग्य खात्यानं यातलं नेमकं काय उचललं, ते तुम्ही रांगेत उभे राहता तेव्हा तुम्हाला कळतंच.

आता अलीकडं या. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद मद्रासला झाली, धंदा करणाऱ्या बायकांच्या रक्तात. १९९२ साली भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. अभ्यास झाले, पुण्याचं नाव जगातल्या वैद्यकीय मासिकांत गेलं. १९९७ साली पुण्याच्याच एका अभ्यासानं दाखवून दिलं की एकाच नवऱ्याशी राहणाऱ्या, कधी उंबरा न ओलांडलेल्या बायकांनाही लागण झालीय. म्हणजे रोग घरी नवरा घेऊन आला. पण 'धोक्याचा गट' असा शिक्का कुणाच्या कपाळावर बसला? या गल्लीच्या. सदाशिव पेठेतल्या नवऱ्याच्या कपाळावर नाही. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, लागण आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत, हे कायद्यात यायला २०१७ साल उजाडावं लागलं. आणि कायदा झाला म्हणून केसपेपर लिहिणाऱ्याचा आवाज बदलला का, ते इथं बसलेल्या मावश्यांना विचारा. मी सांगायची गरज नाही.

रक्ताचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन श्रीमंत पोरानं मोटारीखाली दोन जीव घेतल्याचं प्रकरण झालं. त्या पोराच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. कोर्टात काय लागायचं ते लागेल. पण आरोप ऐकूनच माणूस थंड पडतो. या पेठेतल्या बाईचं रक्त शहराला कायम हवं असतं, मोजायला. आणि मोठ्याच्या पोराचं रक्त मोजायची वेळ आली की बाटलीच बदलल्याचा आरोप होतो.

म्हणून मी म्हणतो, तपासणी ही नेहमी वरून खाली आलेली आहे. नळाला पाणी येत नाही पण तपासणी बरोबर येते. आता तपासणी खालून वर गेली पाहिजे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. १९२९ साली ती 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेटनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा डॉक्टर आला, तेही वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला पोरासकट वस्तीबाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, मुसलमानानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला. ताप बघून झाल्यावर तो उलटा त्याच हातांतून परत गेला. दिव्याच्या उजेडात बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. परत तपासायला आला नाही. बाई मेली.

तुम्ही म्हणाल, आता तसं कुठं राहिलंय? नाडी बघतात की. बघतात. पण मधले हात गेले नाहीत, नुसते बदलले. आता थर्मामीटर अनामत रकमेच्या हातातून येतो, आधारकार्डाच्या हातातून येतो, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या हातातून येतो, 'पत्ता काय?' या प्रश्नाच्या हातातून येतो. पत्त्यात बुधवार पेठेतली ठराविक गल्ली निघाली की तो हात तिथंच आखडतो.

बरं, तक्रार करायची तर कुणाकडं? इथंच खरी गंमत आहे. पुण्यात आरोग्य व्यवस्था नावाची एक वस्तू नाही. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू आणि साथीच्या रोगांचं नायडू महापालिकेचं. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. बिबवेवाडीचं विमा कामगारांचं. कॅन्टोन्मेंटची रुग्णालयं कॅन्टोन्मेंट बोर्डाची. धर्मादाय रुग्णालयांवर नजर धर्मादाय आयुक्तांची, म्हणजे विधी खात्याची. बाकी खाजगी नर्सिंग होमांची नोंद महापालिकेकडं. जो तो आपल्या कुंपणापुरता राजा. रुग्ण मात्र एकाच दिवसात चार कुंपणं ओलांडतो. एक म्हणतो वरच्या दवाखान्यात न्या, वरचा म्हणतो खाट नाही, तिसरा म्हणतो अनामत भरा. चौथ्या दारात माणूस मेला तर ते मरण कुणाच्या वहीत? चौथ्याच्या. आधीच्या तिघांच्या वह्या कोऱ्या. संपूर्ण वाट बघणारा एकही डोळा या शहरात नाही. म्हणून आयोग पाहिजे.

कायदे नाहीत असं समजू नका. मुंबई हायकोर्टानं २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणं धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. बिलाच्या रकमेतले २ टक्के गरीब रुग्णांच्या निधीत टाकायचे आहेत. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घ्यायचा, अनामत मागत बसायचं नाही. २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली, रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं भाग झालं. त्याच्याही आधी, १९९६ साली, सुप्रीम कोर्टानं पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात निकाल दिला. रेल्वेतून पडून डोकं फुटलेल्या एका मजुराला कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. कोर्ट म्हणालं, सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे, कलम २१ चा भंग आहे. पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. ते कलम कुणाच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं, ते मी या सभेत सांगायला नको.

तर कायदा भिंतीवर आहे आणि माणूस दारात आहे. मधे बघणारा कुणी नाही.

२०२५ च्या मार्च अखेरीस पुण्यात एक गरोदर बाई जुळ्या मुलींना जन्म देऊन गेली. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयानं आधी दहा लाख अनामत मागितली असा घरच्यांचा आरोप होता. शहर पेटलं. लगेच समित्या बसल्या. आरोग्य खात्याची एक, धर्मादाय सहआयुक्तांची एक, महापालिकेची माता-मृत्यूची एक. परत तीन कुंपणं, तीन समित्या. त्या घराला न्याय मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मला विचारायचंय ते वेगळं. त्या घराला निदान ओळखीपाळखी होत्या, म्हणून बातमी झाली. ज्या बाईला कुणी ओळखत नाही, जिच्या मरणाची बातमी होत नाही, तिची समिती कोण बसवणार? मेल्यावर बसते ती समिती. आपल्याला जिवंतपणी बसणारा आयोग पाहिजे.

'आयोगानं काय होतं?' म्हणणाऱ्याला मी जे. जे. ची आठवण देतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी नुसतं बाटलीत बघितलं नाही. ती बाटली कुणी विकली, कुणी विकत घेतली, कुणी न तपासता पास केली, औषध प्रशासन काय करत होतं, मंत्र्यांच्या दारापर्यंत धागा कसा जातो, सगळं उकललं. अहवाल आल्यावर १९८८ साली आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. बघा, हाच तो पेटीचा सर्व्हे. कुणाच्या ताब्यात असताना फुटली? हा प्रश्न नेटानं विचारला तर खुर्ची हलते.

आणि दुसरी बाजूही सांगतो. १९४६ साली भोर समितीनं अहवाल दिला की पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचारावाचून ठेवू नये. स्वातंत्र्याच्या आधीचा अहवाल तो! अजून दारात अनामत मागतात. अहवाल चांगला होता, मागं लोक नव्हते. १८९८ साली प्लेगची चौकशी करायला आयोग आला, त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. म्हणजे मरणारे आपण आणि मोजणारे ते. म्हणून आयोगात कोण बसतं हा प्रश्न पहिला.

आयोगापुढं उभं राहण्याची परंपरा आपली आहे, ती याच पुण्यातली आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या पैशावर भटांची पोरं शिकतात, असं तोंडावर सांगितलं. २३ ऑक्टोबर १९२८ ला बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढं याच पुण्यात साक्ष दिली, देश बहिष्कार घालत असताना दिली. त्याच सुमारास मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर ते सभासद म्हणून बसले. म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाबासाहेब खुर्चीत गेले. आपल्यालाही तेच करायचंय.

आता मागणी नीट ऐका.

पहिलं, आयोगाचे निम्मे सभासद वस्त्यांतले पाहिजेत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असू दे, डॉक्टर असू देत. पण त्यांच्या शेजारी सफाई कामगार बाई बसेल, आशा ताई बसेल, वॉर्डातली नर्स बसेल, आणि या बुधवार पेठेतली धंदा करणारी बाई बसेल. तपासली गेलेली माणसं तपासायला बसतील. दुसरं, आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमला पाहिजे. त्यात कागद मागवायचा, माणसाला शपथेवर बोलवायचा अधिकार मिळतो, आणि सहा महिन्यांत अहवाल कार्यवाहीच्या टिपणासकट विधिमंडळापुढं ठेवावा लागतो. कपाटात घालता येत नाही. तिसरं, ससूनपासून पंचतारांकित दवाखान्यापर्यंत सगळे त्याच्या कक्षेत आले पाहिजेत. कुंपण नाही. चौथं, सुनावण्या वस्तीत झाल्या पाहिजेत, संध्याकाळी, काम सुटल्यावर, आणि मराठीत. ज्या बाईला नाव सांगायचं नाही तिची साक्ष नाव न घेता नोंदली पाहिजे. पाचवं, आयोगानं सरळ विचारावं की नकार कुणाला मिळतो? कुठल्या जातीला, कुठल्या गल्लीला, कुठल्या कार्डाला? हा रकाना आजवर कुठल्याच रजिस्टरात नाही.

हे अशक्य आहे म्हणतील. मग त्यांना सांगा, २००७ पासून आपल्याच पुणे जिल्ह्याच्या गावांत आरोग्य सेवांवर लोकांची देखरेख सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर जनसुनवाई व्हायची, डॉक्टर आणि अधिकारी समोर बसायचे, बायका उभ्या राहून बोलायच्या. औषध बाहेरून का आणायला लावलं, नर्सनं पैसे का घेतले, तिथल्या तिथं विचारायच्या. गावच्या बाईला जे जमलं ते शहरातल्या वस्तीला का जमू नये? मार्च २०२२ नंतर तर तीन वर्षांहून जास्त काळ पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, नुसते प्रशासक. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली, माणसांचे हातपाय लुळे पडले, बोट दूषित पाण्याकडं गेलं. नव्यानं शहरात घेतलेली गावं होती ती. कर पोचला, शुद्ध पाणी पोचलं नाही. कोण कुणाला विचारणार होतं?

शेवटचं सांगतो. ससून रुग्णालय १८६७ साली डेव्हिड ससूनच्या देणगीतून उभं राहिलं. त्याच घराण्यानं १८७५ साली मुंबईत कुलाब्याला ससून डॉक बांधला. अफूचा आणि कापसाचा पैसा तो. ती पोती कुणी वाहिली? आमच्यासारख्यांच्या बापजाद्यांनी. म्हणजे त्या दवाखान्याच्या दगडात आमच्या पाठीचा घाम आहे. आपण तिथं उपकार मागायला जात नाही, हिशेब मागायला जातो.

सरकार आयोग नेमेल तेव्हा नेमेल. तोवर उद्यापासून प्रत्येक गल्लीत एक वही ठेवायची. दोनशे पानी, साधी. तारीख, वेळ, कुठलं दार, कोण काय बोललं, किती मागितले, पावती दिली का. पोरगं शाळेत जाणारं असेल त्यानं लिहायचं, म्हातारीनं अंगठा द्यायचा. रुग्णाचं नाव नको असेल तर लिहू नका, दाराचं नाव लिहा. महिन्यानं सगळ्या वह्या एकत्र करायच्या आणि मिरवणुकीनं महापालिकेत नेऊन आयुक्तांच्या टेबलावर ठेवायच्या. त्यांनी पोच दिली तर पोच घ्यायची, नाही दिली तर तीही नोंद वहीत करायची.

वह्या मी आणल्यात. दाराजवळ ठेवल्यात. जाताना प्रत्येक गल्लीनं एक उचला.

जय भीम.